शेवटच्या बिगुलाची जन्मकथा : एक चिकित्सा

मराठवाड्यातील सामान्य माणसाच्या कानी बिगुलाचा नाद पडतो तो बहुधा शोकाच्या प्रसंगी. एखाद्या सार्वजनिक पुरुषाचा अंत्यविधी शासकीय इतमामाने व्हावयाचा असला, किंवा २१ ऑक्टोबर रोजी, पोलिस स्मृतिदिनी, नांदेड व लातूर येथील कवाईतीच्या मैदानांवर कर्तव्य बजावताना प्राणास मुकलेल्या शिपायांची नावे वाचली गेली, म्हणजे तुकडी शस्त्रे उलटी धरून, माना खाली घालून उभी राहते आणि बिगुलवाला एक संथ, लांबत जाणारी सुरावट वाजवितो. ती संपेपर्यंत कोणी बोलत नाही. हा नाद कोठून आला, असा प्रश्न ऐकणाऱ्याच्या मनात उभा राहणे स्वाभाविक आहे. आणि प्रश्न उभा राहिला म्हणजे उत्तरादाखल एक कथा तयारच असते. अशाच एका प्रसंगानंतर एका सुविद्य गृहस्थांनी ती आम्हांस डोळ्यांत पाणी आणून सांगितली. पुढे तीच कथा थोड्याफार फरकाने इतर मुखांतूनही आमच्या कानी आली, आणि सांगणाऱ्यांपैकी एकासही तिच्याविषयी शंका नव्हती.

इतिहाससंशोधनास वाहिलेल्या त्रैमासिकाने असल्या कथेची दखल का घ्यावी, असे काही वाचक म्हणतील. आमचे उत्तर असे की, बखरींतील कथांची चिकित्सा करण्यास आपण शिकलो. परंतु ज्या कथा आपल्या डोळ्यांदेखत रुजत आहेत, त्यांची चिकित्सा आपण पुढच्या पिढीवर सोडून देतो. शंभर वर्षांनी हीच कथा कोणी ‘परंपरागत माहिती’ म्हणून पुढे मांडील. त्यापूर्वी तिचे मूळ तपासून ठेवलेले बरे.

कथा अशी. अमेरिकेच्या उत्तर व दक्षिण राज्यांमधील यादवी युद्धात, १८६२ साली, व्हर्जिनिया प्रांतातील हॅरिसन्स लँडिंग या ठिकाणाजवळ उत्तरेच्या सैन्यातील रॉबर्ट एलिकोम नावाचा कॅप्टन आपल्या तुकडीसह तळ देऊन होता. रात्री दोन्ही फौजांमधील मोकळ्या पट्टीतून एका जखमी शिपायाचे कण्हणे त्याच्या कानी आले. गोळ्या चालू असता तो सरपटत गेला आणि त्या शिपायास ओढीत आपल्या छावणीत घेऊन आला. तोवर शिपाई मरण पावला होता आणि तो शत्रुपक्षाचा होता. कंदिलाच्या उजेडात पाहतो तो त्याचा स्वतःचाच मुलगा! मुलगा दक्षिणेत संगीत शिकत होता आणि बापास न कळविता तिकडच्या सैन्यात दाखल झाला होता. दुसऱ्या दिवशी बापाने लष्करी इतमामाने दफन व्हावे व त्या वेळी बँड वाजावा अशी विनंती केली. मृत शिपाई शत्रुपक्षाचा असल्याने बँड नाकारला गेला. फक्त एक वादक मिळाला. बापाने बिगुलवाला मागितला आणि मुलाच्या खिशात सापडलेल्या कागदावरील स्वर त्याच्याकडून वाजवून घेतले. तीच ही सुरावट, अशी कथेची समाप्ती होते.

या कथेवर आमचा पहिला आक्षेप अगदी साधा आहे. कथा ज्या सुरावटीची म्हणून सांगितली जाते, ती सुरावट नांदेडास वा लातुरास वाजतच नाही. एलिकोमची कथा अमेरिकन सैन्यातील ‘टॅप्स’ नावाच्या इशारतीची आहे. आपल्याकडे सैन्यात व पोलिस दलात शोकप्रसंगी वाजते ती ‘लास्ट पोस्ट’, म्हणजे ब्रिटिश सैन्याच्या परंपरेतून आलेली, सर्वस्वी निराळी इशारत. दोन्ही बिगुलावर वाजतात, दोन्ही संथ आहेत, दोन्ही मृतांसाठी वाजतात. एवढ्या साम्यावर एकीची जन्मकथा दुसरीस चिकटविण्यात आली. मूर्ती एका देवाची आणि माहात्म्य दुसऱ्याचे, अशातला हा प्रकार झाला. कथा सांगणाऱ्यांनी दोन्ही सुरावटी लागोपाठ एकदा जरी ऐकल्या असत्या, तरी ही गल्लत झाली नसती.

‘लास्ट पोस्ट’चा उगम शोकाशी संबंधित नाही. या नावातील ‘पोस्ट’ म्हणजे पहाऱ्याची चौकी. ब्रिटिश छावणीत रात्री अधिकारी चौक्या तपासावयास निघाला म्हणजे पहिली इशारत होई, आणि शेवटची चौकी तपासून झाली म्हणजे अखेरची. पहारा नीट लागला, शिपायांनी आपापल्या जागी परतावे, एवढाच तिचा अर्थ. या रात्रीच्या विधीस ‘टॅटू’ म्हणत. तो शब्द सतराव्या शतकात डच भाषेतून आला. दारूच्या पिंपांच्या तोट्या बंद करा, असा त्याचा मूळ अर्थ. शिपायांनी गुत्ते सोडून छावणीत यावे म्हणून पडघम वाजवीत फेरी काढली जाई. अठराव्या शतकाच्या शेवटच्या दशकापासून ‘लास्ट पोस्ट’ छापील स्वरूपात आढळते. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यानंतर ती दफनप्रसंगी वाजविण्याची चाल पडली. दिवसाचा पहारा संपल्याची खूण ती आयुष्याचा पहारा संपल्याची खूण झाली. पहिल्या महायुद्धाने या चालीस विधीचे गांभीर्य आणले. बेल्जममधील ईप्र येथील मेनिन वेशीवर, जेथे कबर ठाऊक नसलेल्या ५४,००० हून अधिक सैनिकांची नावे कोरलेली आहेत व ज्यांत हिंदी सैनिकांचीही नावे आहेत, तेथे १९२८ पासून रोज सायंकाळी ही इशारत वाजविली जाते. दुसऱ्या महायुद्धात ते गाव जर्मनांच्या ताब्यात असतानाचा काळ तेवढा अपवाद. ब्रिटिश सत्ता गेल्यावरही हिंदुस्थानच्या सैन्याने व पोलिसांनी ती ठेवली. तिला कोणा एका कर्त्याचे नाव नाही आणि कोणा एका मृत्यूची आठवणही तिला जोडलेली नाही.

आता कथा तिच्या मूळ स्थळी, म्हणजे ‘टॅप्स’च्या संदर्भात, खरी आहे काय ते पाहू. यासंबंधीचा पुरावा पुष्कळ आहे आणि तो कथेच्या विरुद्ध जातो. १८९८ साली ‘सेंच्युरी’ या अमेरिकन मासिकात लष्करी तुताऱ्या व बिगुले यांवर एक लेख आला. ‘टॅप्स’चा उगम आपणांस ठाऊक नाही, असे त्या लेखकाने प्रांजळपणे लिहिले होते. ते वाचून ऑलिव्हर विलकॉक्स नॉर्टन या वृद्ध सैनिकाने संपादकांस पत्र लिहिले. १८६२ च्या जुलैत तो पेनसिल्व्हेनियाच्या ८३ व्या पलटणीतील शिपाई असून जनरल डॅनियल बटरफील्ड यांच्या ब्रिगेडचा बिगुलवाला होता. त्याचे म्हणणे असे की, सात दिवसांच्या लढायांनंतर सैन्य हॅरिसन्स लँडिंग येथे तळ देऊन असता बटरफील्ड यांनी त्यास बोलाविले, एका पाकिटाच्या पाठीवर पेन्सिलीने लिहिलेले स्वर दाखविले व ते वाजविण्यास सांगितले. काही स्वर लांबविले, काही आखूड केले, आणि मग दिवे मालविण्याच्या नेहमीच्या इशारतीऐवजी ही वाजवीत जा, असा हुकूम दिला. त्या शांत रात्री नाद दूरवर गेला. दुसऱ्या दिवशी शेजारच्या ब्रिगेडींचे बिगुलवाले स्वर उतरून घेण्यास आले. संपादकांनी बटरफील्ड यांस विचारले. त्यांनीही मुख्य गोष्ट मान्य केली. पूर्वीची दिवे मालविण्याची इशारत आपणांस पुरेशी मधुर वाटत नव्हती, आणि आपणांस स्वरलेखन येत नसल्याने ते दुसऱ्याकडून करून घेतले, असे त्यांनी कळविले.

एक सेनापती व एक साधा शिपाई, दोघेही प्रत्यक्षदर्शी, मुख्य गोष्टीत एकमताचे आहेत. तथापि ही दोन्ही पत्रे घटनेनंतर छत्तीस वर्षांनी लिहिलेली आहेत, हे चिकित्सकाने विसरता कामा नये. छत्तीस वर्षांत स्मृती आपल्या धन्याच्या बाजूने थोडी झुकते. येथेही तसेच घडले असावे असे मानण्यास आधार आहे. जनरल विन्फील्ड स्कॉट यांच्या १८३५ च्या कवाईतीच्या ग्रंथात रात्रीची एक इशारत स्वरलेखनासह दिलेली आहे. तिच्या शेवटच्या भागाचे स्वर पुढे ‘टॅप्स’मध्ये जवळजवळ तसेच येतात; फरक आहे तो लयीचा व काही स्वरांच्या लांबीचा. म्हणजे बटरफील्ड यांनी नवी सुरावट रचली नाही. जुनी, मागे पडलेली इशारत आठवून त्यांनी ती संथ केली व तिला नवे काम दिले. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी केवळ या दोन पत्रांवर विसंबून कोणी त्यांस ‘टॅप्सचे कर्ते’ ठरविले असते, तर तेही चुकीचेच झाले असते. अस्सल पत्रही पारखून घ्यावे लागते, याचे हे चांगले उदाहरण आहे.

राहिला कॅप्टन एलिकोम. उत्तरेच्या सैन्याच्या पटांत या नावाचा कॅप्टन शोधकांस सापडलेला नाही. कथेचा प्रसार विसाव्या शतकातला असून अद्भुत गोष्टींचे संग्राहक रॉबर्ट रिप्ले यांच्या कार्यक्रमाकडे तिचा उगम लावण्यात येतो. नॉर्टन व बटरफील्ड यांस या बापलेकांची गंधवार्ताही नाही. आणि मुलाच्या खिशातील कागद खरा मानला, तर १८३५ च्या छापील ग्रंथात तेच स्वर कसे आले, याचे उत्तर कथेपाशी नाही.

कथेच्या घडणीकडेही लक्ष द्यावयास हवे. स्थळ हॅरिसन्स लँडिंग, साल १८६२, एकाकी बिगुलवाला, कागदाच्या तुकड्यावर लिहिलेले स्वर : यांतील प्रत्येक तपशील नॉर्टनच्या पत्रात आहे. कथेने स्थळ, काळ व साहित्य खऱ्या वृत्तांतातून जसेच्या तसे घेतले आणि फक्त माणसे बदलली. सेनापतीच्या जागी बाप आला, पाकिटाच्या जागी मृत मुलाचा खिसा आला. दंतकथेची ही रीत मराठी वाचकांस अपरिचित नसावी. आपल्याकडेही गावाचे नाव व लढाईचे साल बिनचूक असते, म्हणून मधला पुरुषही खराच असला पाहिजे, असे अनुमान किती सहज काढले जाते! वास्तविक स्थळकाळाचा खरेपणा ही दंतकथेची बैठक असते. तो तिचा पुरावा नव्हे. रणांगणावर बाप व मुलगा एकमेकांविरुद्ध उभे राहणे, हा धागाही फार जुना आहे. शाहनाम्यातील रुस्तुम व सोहराब, आश्वमेधिक पर्वातील अर्जुन व बभ्रुवाहन ही त्याची आपणांस ठाऊक असलेली रूपे होत. यादवी युद्धात भाऊबंद समोरासमोर आल्यामुळे हा धागा अमेरिकेत पुन्हा वर आला, यात नवल नाही. या अर्थाने एलिकोमची कथा हाही एक दस्तऐवजच आहे. परंतु तो १८६२ चा नव्हे, ज्या काळाने ती सांगितली त्या काळाचा.

बिगुलाच्या इशारतींभोवतीच अशा कथा का जमतात, याचे एक कारण त्या वाद्याच्या घडणीत आहे. बिगुलास छिद्रे नाहीत व पडदेही नाहीत. ओठांचा ताण व फुंक यांवर जे पाच-सहा नैसर्गिक स्वर निघतील, त्यांतच सर्व इशारती बसवाव्या लागतात. ‘टॅप्स’मध्ये एकंदर चोवीस स्वर असून निरनिराळे असे चारच आहेत, आपल्या परिभाषेत मंद्र पंचम, षड्ज, गांधार व मध्य पंचम. ‘जेवणास चला’, ‘घोडे खोगिरा’, ‘दिवे मालवा’ या सर्वांस हेच भांडवल. त्यामुळे नवी इशारत ही बहुधा जुन्या इशारतीची मोडतोड असते, आणि तिचा कर्ता शोधू जाता एक माणूस हाती न लागता एक छावणी हाती लागते. लोकांच्या मनास मात्र कर्ता हवा असतो, आणि सुरावट करुण असेल तर कर्ताही करुण हवा असतो.

आता हा नाद आपल्या मुलुखात कसा आला ते पाहू. कारण परकी कथा टाकून दिली म्हणजे तिच्या जागी एक देशी कथा उभी करण्याचा मोह होतो, आणि तोही तितकाच सावधपणे आवरावयास हवा. नाद हा राजचिन्हाचा भाग असणे या भूमीस नवीन नाही. राष्ट्रकूट राजे आपणांस ‘लट्टलूरपुरवराधीश्वर’ म्हणवीत. ते लट्टलूर म्हणजेच आजचे लातूर, असे बहुतेक विद्वान मानतात. त्या काळच्या दक्षिणेतील ताम्रपटांत व शिलालेखांत मांडलिकांस ‘समधिगतपंचमहाशब्द’ असे विशेषण लागलेले आढळते. हे पाच महाशब्द म्हणजे पाच वाद्यांचा मान. एका मताप्रमाणे शृंग, तम्मट, शंख, भेरी व जयघंटा. मुसलमानी अमदानीत हाच मान नौबत व नगारा यांच्या रूपाने दिला जाई. नगारा व नौबत हे शब्द अरबीतून, तर कर्णा फारसीतून आपल्याकडे आला. १७०८ साली गुरू गोविंदसिंग यांनी जेथे देह ठेवला त्या नांदेडच्या तख्तावर नगाऱ्यास आजही मान आहे.

या यादीत शृंग, म्हणजे आपले शिंग, पहिले आहे, आणि इंग्रजी ‘बिगुल’ या शब्दाचे मूळही लॅटिन भाषेतील बैलवाचक शब्दात आहे. म्हणजे तेही एके काळी शिंगच होते. एवढ्यावरून आमच्या शिंगापासून युरोपियनांचे बिगुल निघाले, किंवा मराठा लाइट इन्फंट्रीच्या बिल्ल्यावरील बिगुल ही आमची तुतारीच होय, असे कोणी म्हणू लागेल तर ती एलिकोमच्या कथेची सख्खी बहीण ठरेल. बिगुल हे ‘लाइट इन्फंट्री’ प्रकारच्या पायदळाचे सर्वसाधारण ब्रिटिश चिन्ह आहे. विखरून लढणाऱ्या शिपायांस पडघमाऐवजी बिगुलाने इशारत देत, म्हणून ते त्यांच्या बिल्ल्यावर आले. मुंबईच्या ज्या पलटणीने १८४० साली बलुचिस्तानात काहान येथे वेढा सोसला, तिला पुढच्या वर्षी ‘लाइट इन्फंट्री’ ही पदवी मिळाली. मराठा पलटणींकडे हे चिन्ह आले ते या वाटेने. जनावराच्या शिंगात फुंकून दूरच्या माणसास खूण करण्याची युक्ती अनेक समाजांस स्वतंत्रपणे सुचली. कार्य एक असले म्हणजे वंश एक ठरत नाही.

मराठवाड्यात युरोपीय पद्धतीची कवाईत आली तिच्या पायऱ्या मात्र कागदोपत्री दाखविता येतात. ३ फेब्रुवारी १७६० रोजी उदगीर-औसा परिसरातील मोहिमेत सदाशिवरावभाऊंनी निजामास नमविले व सुमारे साठ लक्षांचा मुलूख मिळविला. त्या मोहिमेत इब्राहिमखान गारद्याचे पायदळ व तोफखाना मराठ्यांकडून लढला. फ्रेंच सेनानी बुसी याच्या हाताखाली तयार झालेला हा सरदार त्यापूर्वी निजामाच्या चाकरीत होता. म्हणजे आजच्या लातूर जिल्ह्याच्या भूमीवर युरोपीय कवाईत शिकलेले पायदळ अठराव्या शतकातच उभे होते. पुढे १८१३ साली हैदराबादचा रेसिडेंट हेन्री रसेल याने निजामाच्या खर्चाने पण इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखाली ‘रसेल ब्रिगेड’ उभारली. तीतूनच हैदराबाद कंटिन्जंट झाली व नांदेडशेजारी हिंगोली हे तिचे एक ठाणे बनले. १८१९ साली या फौजेने हदगावाकडील, इंग्रजी कागदांत ‘नोवा’ असे लिहिलेले, हटकर नाईकांचे ठाणे वेढा घालून घेतले. तो नोवासाजी नाईकाच्या बंडाचा शेवट होता. त्या वेढ्याचे नाव फौजेच्या सन्मानांत नोंदले गेले. १९०३ साली कंटिन्जंटच्या पलटणी हिंदी सैन्यात समाविष्ट झाल्या, पुढे त्यांची हैदराबाद रेजिमेंट झाली, आणि १९४५ साली तिला कुमाऊँ रेजिमेंट हे नाव मिळाले. नांदेडच्या मुलुखातील एका गढीचे नाव हिमालयातील रेजिमेंटच्या सन्मानपटावर आजही आहे. एलिकोमचे नाव ज्यांस पाठ आहे, त्यांपैकी कितीकांस ही गोष्ट ठाऊक असेल?

बिगुलाची परंपरा आपल्याकडे आली ती या छावण्यांच्या, पलटणींच्या व पोलिस लाइनींच्या मार्गाने. हा वृत्तांत नीरस वाटेल. त्यात बाप नाही, मुलगा नाही, कंदील नाही. शिवाय त्यात एक बोचणारी गोष्टही आहे. ज्या फौजेबरोबर ही वाद्ये आली, तिने येथील नाईकाचे ठाणे मोडले होते. आज तोच नाद आपण आपल्या मृतांसाठी वाजवितो, आणि तसे करण्यात आम्हांस गैर काही दिसत नाही. पण कोठून काय आले, हे माहीत असून ते स्वीकारणे वेगळे आणि एका परक्या कथेच्या पडद्याआड ते विसरून जाणे वेगळे.

यावर एक आक्षेप येतो, आणि तो आम्ही हलका मानीत नाही. कथा खोटी असली तरी ती ऐकून मुले क्षणभर शांत उभी राहतात, त्यांच्या मनात शिपायाविषयी आदर उपजतो. मग तुमच्या कोरड्या चिकित्सेने काय साधले? याचे पहिले उत्तर असे की, खरा वृत्तांत कोरडा नाही. ‘टॅप्स’ मृतासाठी प्रथम वाजली तीही १८६२ च्या त्याच मोहिमेत. कॅप्टन जॉन टिडबॉल यांच्या तोफखान्यातील एक गोलंदाज पडला. शत्रू इतका जवळ होता की दफनाच्या वेळी रिवाजाप्रमाणे बंदुकांच्या तीन फैरी झाडल्या असत्या, तर लढाई पुन्हा पेटल्याचा भास झाला असता. म्हणून टिडबॉल यांनी फैरींऐवजी बिगुलाची ही झोपेची इशारत वाजविण्यास सांगितले. मृताच्या मानासाठी जिवंतांचे प्राण संकटात घालू नयेत आणि मानही चुकू नये, या दुहेरी विवेकातून तो प्रघात पडला. ही गोष्ट मुलांस सांगावयास काय हरकत आहे?

दुसरे उत्तर अधिक महत्त्वाचे आहे. स्मरणाच्या प्रसंगी सांगितलेली गोष्ट ही जागा अडविते. त्या पाच मिनिटांत एलिकोमचा मुलगा आला, म्हणजे दुसरे कोणी तरी बाहेर राहिले. १९४६ साली बिलोली तालुक्यात अर्जापूरजवळ गोविंदराव पानसरे मारले गेले. हैदराबाद मुक्तिलढ्यातील पहिल्या हुतात्म्यांत त्यांची गणना होते. १९४८ च्या जानेवारीत उमरीची बँक लुटून स्वातंत्र्यसैनिकांनी लढ्यासाठी पैसा उभा केला. त्याच वर्षी १३ ते १७ सप्टेंबर या पाच दिवसांत निजामी सत्ता संपली. त्या लढ्यात जे पडले त्यांच्यासाठी त्या घटकेस मानवंदनेची तुकडी उभी नव्हती आणि बिगुलही वाजले नाही. आज १७ सप्टेंबरला त्यांस जी मानवंदना मिळते, ती त्यांची बाकी राहिलेली फेड आहे. त्या फेडीच्या क्षणी व्हर्जिनियातील एका काल्पनिक मुलासाठी रडणे, यात आमच्या मते मृतांचा उपमर्द आहे. मग तो कितीही अजाणता होवो.

आम्ही कथा सांगणाऱ्यांस दोष देत नाही. ज्या गृहस्थांनी ती आम्हांस सांगितली, त्यांचे अश्रू खरे होते. दोष असेल तर तो आमच्यासारख्यांचा आहे. पाच महाशब्दांपासून पोलिस लाइनीतील बिगुलापर्यंत या प्रदेशाच्या रणवाद्यांचा इतिहास कोणी सलग लिहिला नाही, म्हणून रिकाम्या जागेत बाहेरची कथा येऊन बसली. तो लिहावयाचा तर साधने तीन ठिकाणी शोधली पाहिजेत. पहिले, कंधार, औसा, उदगीर या किल्ल्यांशी व देवस्थानांशी संबंधित दप्तरांतील नगारखान्याच्या खर्चाच्या नोंदी. दुसरे, नगारची, गुरव, घडशी व शिंगवाले यांच्या घराण्यांतील इनामाच्या सनदा. तिसरे, निवृत्त पोलिस बिगुलवाल्यांच्या तोंडी असलेली शिक्षणाची परंपरा. हे शिक्षण पुष्कळदा स्वरलेखनाशिवाय, उस्तादाने म्हणून दाखविलेल्या बोलांवरून होते; ते बोल माणसाबरोबर नष्ट होतात. त्यांपैकी तिसऱ्या साधनास सर्वांत कमी अवधी उरला आहे. नांदेड व लातूर जिल्ह्यांतील ज्या वाचकांच्या माहितीत असा वृद्ध बिगुलवाला असेल, त्यांनी त्याच्यापाशी बसून तो काय व कसा शिकला, कोणाकडून शिकला, हे त्याच्याच शब्दांत टिपून घ्यावे. आणि ज्यांच्या घरी सनद वा खर्चाचा बंद असेल, त्यांनी तो नकलेपुरता मंडळाकडे द्यावा, अशी आमची विनंती आहे.